उभी पात

कुंभळवाडी, ता. वेल्हे
१३ ऑक्टोबर

करंगळीला विळा लागला तेव्हा मी मोठ्याने तुला शिवी दिली. आबा दोन हातांवर भात कापत होते. वर न बघता त्यांनी विचारलं, "कुणाला गं?" मी म्हटलं, विश्वजीतला. "बरं," म्हणाले आणि पुढची मूठ कापली.

बोटाला आईच्या लुगड्याची चिंधी बांधली आहे. कागद धरायचा हात तोच, त्यामुळे ओळी तिरक्या जातायत. चालवून घे. वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही, तेही चालवून घे.

पत्र लिहितेय कारण तुझा फोन लागत नाही. म्हणजे माझ्या फोनवरून लागत नाही. काल शाळेमागच्या उंचवट्यावर, जिथे रेंज येते, तिथे जाऊन दीपमालाच्या फोनवरून लावला. पहिल्या रिंगला उचललास. माझा आवाज ऐकलास आणि ठेवलास. दीपमाला शेजारीच उभी होती. गेनबातात्यांची सून, विसरला असशील म्हणून सांगते. ती म्हणाली, "रेंज गेली आसंल." मी म्हटलं, हो, गेली. धाकट्या भावाची लाज झाकायचं काम मी चाळीस वर्षं करतेय, तिथे अजून एकदा.

रामदासची जीप आठवड्यातून दोनदा पुण्याला जाते. तो हे पाकीट खराडीला तुझ्या गेटवर देईल. गार्ड ॲपवर ‘डिलिव्हरी’ असं टाकेल आणि तू न बघता होकार देशील. वर्षभरात माझ्या कुठल्याही गोष्टीला तू दिलेला तो पहिला होकार असेल.

दसऱ्याची सुट्टी होती. आबांच्या डोळ्यांचे ड्रॉप्स संपले होते, ते घेऊन मी आले. शेवटच्या वळणावरून आपली आठही खाचरं दिसतात, तुला आठवत असेल तर. वरची चार पिवळी होती. खालची चार हिरवी. मला वाटलं, खाली या वर्षी आबांनी गरवं भात लावलं असेल, उशिराने पिकेल. जवळ गेले. गवत होतं. कमरेइतकं. आपल्या खाचरात.

जुलैत आबा फोनवर काय म्हणाले होते? "झाली लावणी." झाली होती. चार खाचरांची. एकट्याने, गुडघ्याला पट्टा बांधून, बारा दिवस. उरलेल्या चारांत लावायचं रोप वाफ्यातच पिवळं पडून गेलं. त्यांनी ते उपटून म्हशींना घातलं आणि मला सांगितलं, झाली लावणी. तुलाही तेच सांगितलं असेल. आपण दोघांनीही ‘वा’ म्हटलं असेल.

आता वरच्या चारांतलं भात पिकून वाकलंय. हळवं आहे, थांबत नाही. लोंबीला हात लावला की दाणे खाली. आणि कापायला आम्ही दोघं. एक शहात्तर वर्षांचे आबा, आणि एक मी, जिने शेवटचा विळा बी.ए.ला असताना धरला होता.

वाडी कुठे आहे, असं तू विचारणार नाहीस, कारण तुला माहीत आहे. मी मात्र विचारलं. बांधावर गेनबातात्या भेटले.

"तात्या, भात झडायला लागलंय."

"व्हय, दिसतंय की."

"कुणी आलं नाही?"

"कशाला?"

"कापायला."

त्यांनी तंबाखू मळली, चुना झटकला. मग शांतपणे म्हणाले, "तुमची मान्सं हायेत की. टेंपोभर."

विश्वजीत, मी बारा-तेरा वर्षांची असल्यापासून हा माणूस मला ‘तनुजाबाय’ म्हणतो. काल त्याने मला नावाने हाक मारली नाही.

सावड म्हणजे काय हे तुझ्या ऑफिसातल्या लोकांना समजावून सांगावं लागेल. तुला लागू नये. आज सगळी वाडी आपल्या खाचरात, उद्या आपण त्यांच्या. लावणीला आणि कापणीला. नऊ घरं, आणि प्रत्येक घरातून एक माणूस. आई होती तोवर आई जायची. अंगात ताप घेऊन जायची. आई गेल्यावर पहिल्या कापणीला, गेल्या ऑक्टोबरात, वाडी आपल्याकडे आली आणि एका दिवसात आठही खाचरं कापून गेली. आता आपल्या घरातलं माणूस त्यांच्याकडे जायचं होतं. आबांचा गुडघा चालत नव्हता. म्हणजे तू किंवा मी.

आणि तू हडपसरच्या मजूर अड्ड्यावरून चार मजूर टेंपोत घालून पाठवलेस. ("एकाच्या जागी चार पाठवले, ताई. अजून काय पाहिजे त्यांना?" हे तुझं वाक्य. मला पाठ आहे.) मुकादम कोण होता, नंबर कुठून मिळाला, ते इथे महत्त्वाचं नाही.

पुढचं दीपमालाने सांगितलं. हसत सांगितलं, ते जास्त लागलं. "सकाळच्या पारी वर खिंडीत टेंपो आला. चार जण उतरलं. आमाला वाटलं कुनाचं पाव्हनं. एक जन सासऱ्यास्नी इचारतो, मालक, हजेरी कोन घेनार? सासरं म्हनलं, बाबा, हितं कुनी कुनाची हजेरी घेत न्हाई."

त्यांनी त्या चौघांना जेवू घातलं, चहा दिला, दिवसभर काम करू दिलं. एक शब्द बोलले नाहीत. आणि त्या दिवसापासून आपलं घर सावडीतून गेलं. भांडण झालं नाही. ताक अजून येतं. काल दसऱ्याचं सोनं द्यायलाही सगळे आले. फक्त कापायला कोणी येत नाही.

मला उद्या परत जावं लागेल, कॉलेजात परीक्षेची ड्यूटी आहे. तू रविवारी ये. टेंपो पाठवू नकोस. तू ये.

तनुजा


हडपसर
१७ ऑक्टोबर

मशिन पाठवतोस!

भाग्यश्रीचा मेसेज आला. तुझी बायको तुझ्यापेक्षा सभ्य आहे, निदान उत्तर देते. "ताई, हे म्हणतात कापणीचं मशिन भाड्याने मिळतं, दोन तासांत होईल. पत्ता तुम्ही द्या. आणि हे म्हणाले की मुकादमाचा नंबर कोणी दिला होता तेही पत्रात लिहा." खाली हात जोडल्याचं चित्र. ते हात तिचे की तुझे, ते कळलं नाही.

पत्ता तुम्ही द्या. तुझ्या जन्मगावाचा.

घे पत्ता. वेल्ह्याच्या पुढे डांबरी रस्ता खिंडीत संपतो. तुझं मशिन तिथवर येईल. तिथून खाली पायवाट आहे. किती रुंद, ते तुला ठाऊक आहे; आईला त्याच पायवाटेने आणलं तेव्हा पुढचा खांदा तुझा होता. दोन माणसं शेजारी चालू शकत नव्हती म्हणून तू एका पायाने बांधाखालून चालत होतास. त्या वाटेने मशिन ने. नेलंस तर मी तुझी माफी मागेन, आणि खाचरात ते वळवून दाखवलंस तर पायही धरेन. आपलं सगळ्यात वरचं खाचर तुझ्या हॉलपेक्षा लहान आहे.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सवडीने देते.

काल सकाळी सातला अड्ड्यावर गेले. तो माझ्या बाल्कनीतून दिसतो. गाडीतळाकडून पोरं येतात, डबे खांद्याला, आणि नऊ वाजेपर्यंत कुणी नेलं तर नेलं. उत्तरेश्वर तिथेच होता, तो मुकादम. बीडकडचा. मला बघून उठला.

"मॅडम, स्लॅबचं काम आहे का?"

"नाही. मागच्या वर्षी तू वेल्ह्याकडे चार माणसं पाठवली होतीस, आठवतं?"

"आठवतं की! तसलं काम परत देऊ नका मॅडम."

"का? त्रास दिला कुणी?"

"त्रास नव्हं." तो डोकं खाजवत राहिला. "पोरं घाबरून आली. म्हणली, तिथं दुपारी आम्हाला ताट मांडून वाढलं. पाट टाकून. त्या गावची माणसं स्वतः बांधावर बसली, भाकरी हातावर घेऊन, एकमेकांच्या फडक्यातलं खात. आणि आम्हाला ताटात. मजुराला ताट कोण मांडतं हो? पोरं म्हणली, काहीतरी चुकलं आपलं, पण काय ते कोणी सांगंना."

त्याच्या पोरांना दुपारपर्यंत कळलं. तुला वर्ष झालं.

बीडहून आलेल्या, आयुष्यात भाताचं खाचर न बघितलेल्या चार माणसांना कळलं की पाव्हण्याला ताट असतं आणि घरच्याला हातावर भाकरी. तुझ्या-माझ्या हातावर आईने आणि गेनबातात्यांच्या म्हातारीने किती भाकऱ्या ठेवल्या?

रविवारी तू येणार आहेस की नाही हे भाग्यश्रीने लिहिलं नाही. म्हणजे नाही. आपल्या दोघांत मुंढव्याचा पूल आहे. संध्याकाळी तो ओलांडायला दीड तास लागतो हे मान्य. सकाळी वीस मिनिटं लागतात. तू वर्षभर माझ्याकडे आला नाहीस, तर त्यात ट्रॅफिकचा दोष वीस मिनिटांचाच धरते.

मी आठ दिवसांची रजा टाकली. प्राचार्यांनी अर्ज वाचला. कारणाच्या रकान्यात ‘भातकापणी’ लिहिलं होतं. ते म्हणाले, "मॅडम, खरं कारण लिहिलंत तरी मी मंजूर करीन."

हे पोस्टात टाकते. हडपसर ते खराडी पत्राला चार दिवस लागतात म्हणे. आपल्याला शोभेल असा वेग आहे.

तनुजा


कुंभळवाडी
२२ ऑक्टोबर

नंबर मी दिला. लिहा म्हणालास, लिहिलं.

आता पूर्ण लिहिते, म्हणजे पुन्हा विचारायला नको. ठरलं होतं की निम्मे दिवस तू जाशील, निम्मे मी. तू बुधवारी फोन केलास. म्हणालास, रिलीज आलीय, सुट्टी देत नाहीत, ताई, सगळे दिवस तू जातेस का? मी म्हटलं, माझ्याकडे तपासायला चारशे पेपर आहेत. नव्हते. एकही पेपर नव्हता. आई गेल्याला तेव्हा आठ महिने झाले होते. तिच्या जागेवर वाकून तिची पात धरायची, आणि डावीउजवीकडून सगळ्या बायका माझ्याकडे बघणार, ते मला नको होतं. मी बाल्कनीत उभी होते. खाली अड्डा भरला होता. मी म्हटलं, थांब, तुला एक नंबर देते.

मग तुझ्यावर राग कशाला, असं तू म्हणशील. कारण तू ऐकलंस. आयुष्यात मी सांगितलेलं तू काही ऐकलेलं नाहीस. इंजिनिअरिंग सोडू नको म्हटलं, ऐकलं नाहीस. आबांशी असं बोलू नको म्हटलं, ऐकलं नाहीस. हे एक एका तासात ऐकलंस. आणि दिवाळीत, आबांना पुण्याला आणायचं की नाही यावरून भांडलो तेव्हा, सगळ्यांसमोर मला म्हणालास, "तू फक्त बोलतेस." नंबरचं मात्र बोलला नाहीस. ते का गिळलंस? बहिणीची लाज झाकायला? तेव्हा बोलला असतास तर जुलैत मी लावणीला आले असते. कदाचित. मला माझी खात्री नाही.

परवा रात्री जेवताना आबांना सांगितलं. म्हटलं, आबा, ती माणसं विश्वजीतने पाठवली, पण नंबर माझा होता.

"म्हाईत हाय," म्हणाले.

"कसं?"

"त्या पोरांनीच सांगितलं. मॅडमच्या घरासमोरनं आलो म्हनली."

"मग वर्षभर बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? भाजी वाढ."

तर हे असं आहे. त्यांना माहीत नाही असं फक्त तुला आणि मला वाटत होतं.

आता इथलं. शनिवारी पोचले आणि रविवारी पहाटे, न सांगता, विळा घेऊन गेनबातात्यांच्या खाचरात जाऊन उभी राहिले. आपलं भात झडत असताना त्यांचं कापायला. आबा ओट्यावर बसून बघत होते. सगळी वाडी होती. माणसं ओळीत उभी राहतात आणि जो तो आपल्यापुढची पट्टी, आपली पात, कापत जातो, एवढं तरी आठवतंय ना तुला? कोणी मला ये म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. तात्यांनी विळ्याच्या टोकाने कडेची पात दाखवली. बांधालगतची, दगडांची.

मी सगळ्यांत मागे पडले. माझ्या पुढे दहा हातांवर बायका, आणि त्यांच्याही पुढे भाताच्या नुसत्या मुठी पडत चाललेल्या. दीपमाला मागे वळून ओरडली, "वो मॅडम, भात कापताय का फळा पुसताय?" सगळे हसले. मला इतकं बरं वाटलं, तुला सांगता येणार नाही. टोमणा मारला म्हणजे माणसात धरलं.

माझं चुकलं. दुपारी बांधावर सगळे बसले, फडकी सोडली, आणि दीपमालाने माझ्यासाठी घरून ताट आणलं. स्टीलचं. वाटी, पेला, लोणचं, सगळं मांडून. समोर ठेवलं. "बसा, ताई."

मी ते ताट जेवले. भात, आमटी, वांग्याची भाजी. सगळे समोर भाकरी हातावर घेऊन खात होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. विश्वजीत, मला आजवर शिव्या मिळाल्या आहेत, नोटिसा मिळाल्या आहेत, माझ्या सासूकडून लग्नानंतर पंधरा वर्षं जे मिळालं तेही तुला माहीत आहे. पण त्या ताटाएवढा अपमान मला कोणी केलेला नाही. आणि वांग्याची भाजी उत्तम होती.

सोमवारी अनंताच्या भावकीत गेले. पुन्हा ताट. आज श्रीधरअण्णांकडे गेले. कमर वळत नाही, डाव्या हाताला तीन फोड आहेत, करंगळी ठसठसते. आज दुपारी दीपमाला फडकं सोडत होती. तिने भाकरी अर्धी मोडली, वर ठेचा ठेवला आणि न बघता माझ्याकडे हात केला. मी हात पुढे केला. तिने भाकरी हातावर ठेवली. म्हणाली, "ठेचा तिखट हाय. पुन्याचं तोंड हाय तुमचं."

मी रडले नाही. ठेचा तिखट होता.

खुद्द अनंताचं भात गरवं, ते मागाहून; उरलेली घरं शुक्रवारपर्यंत होतील. आपलं भात रोज झडतंय. संध्याकाळी मी आणि आबा तासभर कापतो, वरचं एक खाचर कसंबसं झालं. बांधावर पाखरं उतरतात. मी आबांना म्हटलं, तात्यांना एकदा विचारू का, कधी येणार? ते म्हणाले, "सावड मागत न्हाईत." मी म्हटलं, मग? "मग काय. तू जा रोज."

तुझे दिवसही मीच फेडतेय असं समजू नकोस. मी माझे फेडतेय.

तनुजा


कुंभळवाडी
२६ ऑक्टोबर, दुपार

वाडी आली.

काल संध्याकाळी गेनबातात्या बांधावरून म्हणाले, "उद्या तुमच्याकडं," आणि निघून गेले. आबांनी रात्री सगळे विळे काढून धार लावली. आईचाही. तो मला दिला.

सकाळी दिसायला लागलं तेव्हा सगळी घरं हजर होती. भात निम्मं झडलंय, पण निम्मं आहे. तात्यांनी माणसं उभी केली. तू बघायला हवं होतंस: आबा पट्टा बांधून मधे उभे राहिले, कोणी नको म्हणालं नाही. दीपमालाने माझ्या शेजारची पात घेतली आणि मला दर दहा मिनिटांनी विचारत राहिली, "झोपला का?" बारा वाजायच्या आत तिन्ही खाचरं झाली.

तीन म्हणतेय, ते खरं नाही. दुसऱ्या खाचरात, बरोबर मध्यावर, एक पात उभी आहे. बांधापासून बांधापर्यंत. दोन्ही बाजूंना कापलेलं, आणि मधे ती.

मला वाटलं चुकून राहिली. "तात्या, एक पात राहिली."

"राहिली न्हाई. ठेवलीय."

"कुणाची?"

"ज्याची हाय त्याची."

मी भडकले. ज्या लोकांनी एवढ्यात मला हातावर भाकरी दिली, त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, आठवडाभर मी तुमच्या पाती कापल्या, ते पुरलं नाही? मी घरातलं माणूस नाही का? माझं लग्न झालं म्हणून का?

"आरं तिच्या," तात्या म्हणाले. "तू घरातली हाईस म्हनून तर आलो. तुझं तू केलंस, आमी आमचं केलं. पर त्यो बी घरातलाच हाय का न्हाई? टेंपो त्याच्या नावानं आल्ता."

"नंबर माझा होता."

"व्हय, मग तू आठ दिस राबलीस न्हवं? फिटलं. त्याचं त्यानं बगावं."

मी विळा घेऊन त्या पातीत शिरले. दोन मुठी कापल्या. आबांनी येऊन माझं मनगट धरलं. त्यांच्या हाताला अजून जोर आहे. "ती तुजी न्हाई," म्हणाले. इतकंच.

मला वाडीचाही राग आला आहे. शहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला जुलैत चिखलात एकटं वाकताना त्यांनी बांधावरून पाहिलं, आणि नियम म्हणून कोणी उतरलं नाही. हा असला नियम मला मान्य नाही, आणि हे मी तात्यांच्या तोंडावर म्हटलं. ते म्हणाले, "आमालाबी जेवान गोड लागलं न्हाई तवा."

तुझ्यासाठी जागा ठेवली म्हणून गहिवरून येऊ नकोस. ही पात वरच्या वळणावरून दिसते. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक जीपला दिसते. कापलेल्या खाचरात मधोमध उभी पिवळी पट्टी बघून परगावचा माणूसही विचारतो, हे काय? रामदासने आत्ताच विचारलं. मी त्याला सांगितलं, तो माझा भाऊ आहे.

खिंडीत काल दुपारपासून ढग अडकलेत. वारा फिरलाय. आबा म्हणतात, उद्या दुपारनंतर धरत नाही. ती पात पावसात आडवी झाली तर पुढच्या जुलैत कोणी येणार नाही, आणि मग मी आठ दिवस काय, आठ महिने राबले तरी येणार नाही. मग आबांना पुण्याला आणायला तुला कोणाशी भांडावं लागणार नाही. ते आपोआप येतील. तुझ्या तेराव्या मजल्यावर बसतील, तुला आणि मला एक शब्द बोलणार नाहीत, आणि भाजी वाढ म्हणतील.

मशिन नको. मजूर नको. भाग्यश्रीलाही पाठवू नकोस, ती बिचारी येईल. विळा आबांनी धार लावून ठेवलाय. हे तुला माझं शेवटचं पत्र.

रामदास निघतोय. तो सातला तुझ्या गेटवर असेल.

तनुजा


२७ ऑक्टोबर

सकाळी पावणेसातला विश्वजीत आला. गाडी खिंडीत ठेवून पायवाटेने आला. बूट घालून खाचरात उतरला; गेनबातात्यांनी बांधावरून हाक मारल्यावर काढले. आबांनी विळा दिला. पात कापायला त्याला पावणेदोन तास लागले. मधे दोनदा उभा राहिला. बोट कापलं नाही. पाऊस येणार म्हणून भात वाळायला न टाकता तसाच भारा बांधला. भारा डोक्यावर चढवायला दुसरं माणूस लागतं. मी हात लावला.

न्याहारीला दीपमालाने त्याला ताट मांडलं. त्याने ते बाजूला सारलं आणि हात पुढे केला. तिने सासऱ्यांकडे बघितलं.

गेनबातात्या म्हणाले, "मंगळवारी अनंताकडं कापनी हाय. भाकरी तवाच."

तो ताटात जेवला. साडेदहाला पाऊस सुरू झाला.